नऊ जण खेळतात, खांदा मात्र एकाचाच जातो



पेरण्या उरकल्या, अकरावीचे प्रवेश चालू आहेत आणि आमच्या मैदानावर बेसबॉलचा सराव पुन्हा सुरू झालाय. मी क्रीडा शिक्षक नाही, मराठी शिकवतो. पण कनिष्ठ महाविद्यालयात माणसं मोजकी असतात, त्यामुळे गेली काही वर्षं संध्याकाळी क्रीडा शिक्षक सरांच्या मदतीला मीही मैदानावर असतो. यंदाचा १९ वर्षांखालील संघ कसा दिसतोय हे तुम्हाला सांगायचं आहे. आणि त्यातल्या एका गोष्टीवर पालकांशी थोडं भांडायचंही आहे.

आधी बॅटिंगचं सांगतो. गेल्या वर्षीच्या नऊपैकी पाच जण राहिलेत. बाकीचे बारावी होऊन गेले, एक 'नीट'च्या क्लाससाठी लातूरला गेला. लातूर पॅटर्नचा जिल्हा आपला, त्यामुळे दरवर्षी एखादा चांगला खेळाडू असा जातोच. त्याबद्दल तक्रार नाही.

पहिल्या नंबरला जवळग्याचा खो-खो खेळणारा पोरगा येईल. त्याचा फटका लांब जात नाही, पण पहिल्या नंबरचं काम फटका मारणं नसून कसंही करून पहिल्या बेसवर पोचणं असतं. एका बेसपासून दुसरा २७.४३ मीटर, म्हणजे ९० फूट. हे अंतर हा पोरगा असा कापतो की समोरच्याचा थ्रो घाईत चुकतोच. हुलकावणी देणं, खाली वाकून निसटणं हे खो-खोने त्याला आधीच शिकवलंय. दुसऱ्या नंबरला बंट नीट ठेवणारा, तिसऱ्याला संघातला सगळ्यात भरवशाचा बॅटर. चौथा आमचा पैलवान. तो कॅचरही आहे, पायावर तासभर बसला तरी कुरकुरत नाही. बॉल बॅटवर आला तर सीमेपलीकडच्या तुरीत जातो, नाही आला तर तीन स्ट्राइकमध्ये परत. चौथ्या नंबरला असा धोका पत्करावाच लागतो.

खालची फळी कच्ची आहे हे लपवत नाही. नवे चौघंही क्रिकेटमधून आलेत. फटका मारला की बॅट हातात घेऊनच पळतात! क्रिकेटमध्ये मारून जागेवर थांबता येतं, इथे बॉल आतल्या भागात पडला की पळावंच लागतं. ही सवय मोडायला महिना जाईल. फिल्डिंगमध्ये मात्र ही पोरं पक्की आहेत. उंच बॉल यांच्या हातून सुटत नाही, त्यामुळे आऊटफिल्डची काळजी नाही.

आता पिचिंग. खरं बोलायचंय ते इथेच.

आमच्याकडे तीन पिचर आहेत. वलांडीचा उजव्या हाताचा, मूळचा भालाफेकवाला. त्याचा बॉल सगळ्यात वेगवान. पण भिंतीवर खडूने चौकट आखून तीस बॉल टाकायला सांगितले तर दहा-अकराच चौकटीत जातात. दुसरा बोरोळचा डावखुरा. बॉल हळू, पण सांगाल त्या कोपऱ्यात. तिसरा अकरावीचा, ऑफस्पिन टाकणारा. हात सरळ ठेवायची सवय त्याच्या अंगात मुरलीय, कोपरातून फेकायला त्याला संकोच वाटतो. पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंत १८.४४ मीटर अंतर असतं. तिथून बॉल टप्पा न खाता चौकटीत घालायचा, तोही समोरच्याला न समजता. भालाफेकवाल्याला जोर असतो, पण नेम बसायला वेळ लागतो.

हे काही आमच्याच मैदानावरचं निरीक्षण नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका एजंटने भारतात वेगवान बॉल फेकणाऱ्यांची स्पर्धा घेतली होती. त्यातून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निघाले आणि त्यांना पिट्सबर्ग पायरेट्स संघाने करारबद्ध केलं. त्यांच्यावर २०१४ मध्ये सिनेमाही आला. सिनेमा तिथेच संपतो. पुढे रिंकूची काही वर्षं दुखापतींत गेली आणि शेवटी तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला, हे मात्र पोरांना कुणी सांगत नाही.

माझं मत असं की यंदा तिघांनी वाटून पिचिंग करायचं आणि प्रत्येक बॉल वहीत मोजायचा. आकडा गाठला की पिचर बदलायचा, मग स्कोअर काहीही असो. अमेरिकेत या वयासाठी आकडे ठरवून दिलेत. १७-१८ वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त १०५ बॉल टाकायचे, १५-१६ वर्षांच्याने ९५. सतरा-अठराच्या मुलाने ८० च्या वर टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद.

यावर एका पालकांनी मला मैदानावरच गाठलं. म्हणाले, "सर, ह्यालाच टाकू द्या की सगळ्या मॅच. शिर्टिफिकेट तरी हाती लागंल." त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. दोन एकर कोरडवाहू शेती असलेल्या बापाला त्या कागदात काय दिसतं ते मला कळतं. आणि संघ पुढे गेला तरच कागदाला वजन, हेही खरं.

पण मी एक पाहिलंय. तीन वर्षांपूर्वी आमच्या एका मुलाने एकाच दिवशी दोन सामने पूर्ण टाकले, उपांत्य आणि अंतिम. आम्ही जिंकलो. किती बॉल टाकले ते कुणीच मोजलं नाही, मीही नाही. परतताना एसटीत त्याला वरच्या फळीवर बॅग ठेवता येईना. डावा हात उजव्या हाताखाली धरून तो खिडकीशी बसला होता आणि आम्ही हाराचे फोटो ग्रुपवर टाकत होतो. पुढच्या वर्षी तो मैदानावर आलाच नाही. त्याच्या घरी अजून मला चहा मिळतो, त्यामुळे तिथे जायला जास्तच जड जातं.

आपल्या तालुक्याचं नाव देवणी गोवंशामुळे देशभर आहे. वानेरा असो, बालंक्या असो की शेवरा, बैल कितीही दणकट असला तरी आपला शेतकरी त्याला सकाळ-संध्याकाळ एकाच औताला जुंपत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतो, खांदा तूप-हळदीने चोळतो. बैलाच्या खांद्याचं एवढं ज्याला कळतं, त्याला सोळा वर्षांच्या लेकराच्या खांद्याचं वेगळं समजावून सांगायला नको.

जपानमध्ये शालेय बेसबॉलला आपल्याकडच्या क्रिकेटसारखं वेड आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या कोशिएन स्पर्धेत आकिता प्रांतातली कानाआशी ही शेतकी शाळा अंतिम फेरीत पोचली. खेड्यापाड्यातली पोरं, आपल्यासारखीच. सगळा देश त्यांच्या मागे उभा राहिला. त्यांचा पिचर योशिदा कोसेई याने सहा सामन्यांत ८८१ बॉल टाकले. अंतिम सामन्यात त्याच्यात काही उरलं नव्हतं, पाच डावांनंतर त्याला काढावं लागलं आणि संघ १३-२ ने हरला. अशाच प्रकारांवर तिथे खूप वाद झाला आणि २०२० पासून एका पिचरला आठवड्याला ५०० बॉलची मर्यादा आली. मला विचाराल तर हा आकडाही फार आहे. पण निदान मोजायला तरी लागले.

तीन पिचरमुळे आम्ही कदाचित जिल्ह्यातच हरू. डावखुऱ्याचा हळू बॉल लातूरचे बॅटर ठोकतील, अकरावीवाला दोन-चार जणांना फुकट बेसवर सोडेल. हे मान्य करूनच मी म्हणतोय. उलट फायदा असा की सप्टेंबरअखेर सोयाबीनच्या काढणीला पोरं शेतात जातात, तेव्हा एकाच पिचरवर बसलेला संघ मोडतो, तिघांचा मोडत नाही. स्पर्धेची तारीख आणि काढणी एकत्र आली की काय होतं, हे आपल्या भागातल्या प्रत्येक क्रीडा शिक्षकाला माहीत आहे.

इतर शाळांतल्या शिक्षकांना एक विनंती. समोरच्या संघाचेही बॉल मोजा आणि आकडा त्यांच्या सरांना सांगा. सुरुवातीला ते रागावतील. पंच सामन्याकडे बघतात, स्कोअरवाला रनांकडे, खांद्याकडे बघणारं कुणीच नसतं.

आमच्याकडे हे काम बारावी कलाच्या एका मुलीने घेतलंय. ती शंभरपानी वहीत प्रत्येक बॉलला एक रेघ मारते, पाचवी आडवी. परवा सरावात वलांडीच्या पोराचे साठ झाले तसं तिने वही बंद केली आणि मोठ्याने "बास" म्हणाली. तो म्हणाला, "आणखी पाच टाकू दे." तिने सरांकडेही पाहिलं नाही, बॉलची पिशवी उचलली आणि स्टाफरूमकडे निघाली.