मशीन दिलंत, आता मजुरी द्या

बाळाची एक कुंची हातानं शिवून तिच्यावर भरतकाम करायचं तर किमान दहा तास जातात. डोक्याची टोपी, पाठीवर रुळणारा घोळ, आतलं मऊ अस्तर, हनुवटीखालचे बंद आणि मग काठाकाठानं कशिदा. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये मजुरी होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाचे ३९ रुपये झाले. याच दरानं माझ्या दहा तासांचे ३९० रुपये होतात. खणाचं कापड, अस्तराची मलमल, दोऱ्याच्या लड्या, वीज आणि टपाल यातलं काहीच त्यात धरलेलं नाही. आणि गिऱ्हाईक कुंची हातात घेऊन, उलटसुलट करून, कौतुक करून म्हणतं, तीनशेला द्या.

खडी वाहणाऱ्या बाईला जे मिळतं ते कमीच आहे, त्यात वाढच व्हायला हवी. पण त्याहूनही कमी दरात कुणी डोळे फोडून कशिदा काढावा, ही अपेक्षा मला मान्य नाही. आणि हे मी एकटीच्या वतीनं बोलत नाही. सावंतवाडी तालुक्यातल्या प्रत्येक वाडीत एक तरी बाई अशी आहे जिच्या पडवीत शिलाई मशीन आहे. फॉल-पिको, ब्लाऊज, शाळेचे गणवेश, गोधड्या असं ती काही ना काही करत असते आणि महिनाअखेर तिला विचारलं की किती सुटले, तर तिला सांगता येत नाही. तिला हिशेब जमत नाही असं नाही. तिच्या वेळेला दरच ठरलेला नाही, मग ती मांडणार काय?

मी आंबोलीत घरातून बाळंतविडे करते. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट आणि वर एक छोटी गोधडी. माझं माहेर बेळगावकडचं. त्यामुळे आईकडून धारवाडी कशिदा हातात आला आणि सासरी आंबोलीला आल्यावर तोच उपयोगी पडला. या कशिद्याला कापडावर छाप मारत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि त्यावर गोपूर, तुळशीवृंदावन, पालखी, मोर उभे करायचे. त्यातले गवंती आणि मुर्गी हे टाके असे आहेत की कापडाच्या दोन्ही बाजूंना नक्षी सारखीच दिसते आणि मागे गाठ राहत नाही. बाळाच्या कपड्यावर याहून योग्य भरतकाम मला माहीत नाही. गाठ म्हणजे तान्ह्याच्या कातडीला सतत टोचणारी वस्तू. झबल्याची शिवणसुद्धा मी बाहेरच्या अंगाला ठेवते ती याचसाठी. बटण लावत नाही, आखूड बंद लावते. हे सगळं गिऱ्हाइकाला वरून दिसत नाही, पण कामाचा निम्मा वेळ यातच जातो.

दुसरा मोठा खर्च पावसाचा. आंबोली ६९० मीटर उंचीवर आहे आणि इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पर्यटक धबधब्याखाली भिजायला येतात, कणीस आणि भजी खाऊन संध्याकाळी घाट उतरतात. आमच्या घरात मात्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीसुद्धा ओल्या असतात. सुती कापड कापण्याआधी धुवावंच लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात झबलं आटतं. पावसाळ्यात धुतलेलं कापड चार चार दिवस वाळत नाही. चुलीवर टांगलं तर धुराचा वास बसतो आणि तो वास असलेलं कापड तान्ह्या मुलाला घालता येत नाही. म्हणून वर्षाचं सगळं कापड मी एप्रिल-मेमध्ये बेळगावच्या खडेबाजारातून आणते आणि ऊन आहे तोवर धुऊन, इस्त्री करून ठेवते. म्हणजे पैसे एप्रिलमध्ये अडकतात आणि चाकरमानी गणपतीला घरी आले की तेव्हा कुठे सुटायला लागतात. मधले महिने ती उधारी माझी.

साठवणीचंही तेच. कपाटात डांबरगोळ्या टाकणं सोपं आहे, पण मी टाकत नाही आणि कुणीही बाळाच्या कपड्यात टाकू नयेत. त्यांतलं नॅफ्थलिन काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं, ज्यांना जन्मतः एका विशिष्ट द्रव्याची कमतरता असते त्यांना तर धोका जास्तच. आमच्याकडे जुन्या बायका वेखंडाचे तुकडे ठेवत, तेच मी ठेवते आणि दर आठवड्याला कपाट उपसून बुरशी पाहते. सुया तेलाच्या फडक्यात, मशीनला दर दोन दिवसांनी तेल. भर दुपारी धुकं खिडकीत आलं की दिवा लावूनच धागे मोजावे लागतात आणि दिवा गेला की काम थांबतं.

हे सांगितलं की समोरचं माणूस मान डोलावतं आणि तरी शेवटी विचारतं, "घरात बसान करतंस ता, इतके पैसे कित्याक?"

या एका प्रश्नापाशी सगळं अडलेलं आहे. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक दुकान पाहतं, रंगाचे डबे पाहतं, बसलेला कारागीर पाहतं आणि किंमत मुकाट मान्य करतं असं नाही, पण निदान ती मजुरी आहे हे त्याला कळतं. घरात, पोरांच्या दप्तरांच्या शेजारी झालेलं काम मात्र फुकटच्या वेळात झालं असं धरलं जातं. बाईच्या घरात फुकटचा वेळ कुठून येतो? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, बिनपगारी घरकाम करणारी बाई दिवसाची २८९ मिनिटं त्यात घालते आणि करणारा पुरुष ८८. जवळजवळ पाच तास स्वयंपाक, पाणी, धुणी यांत गेल्यावर उरलेल्या दिवसातून ती शिवणाचे तास काढते, आणि ते तास बहुतेक वेळा झोपेतून काढलेले असतात.

आता सरकारी मदतीबद्दल. मदत होत नाही असं मी म्हणणार नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरींची यादी आहे आणि शिंपीकाम त्यात आहे. अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतची मदत मिळते, पाच टक्के व्याजानं आधी एक लाखाचं आणि पुढे दोन लाखांचं कर्ज मिळू शकतं. भरतकामाचं नाव यादीत वेगळं नाही, ते असायला हवं होतं. पण मला त्या योजनेतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. प्रशिक्षणाच्या काळात शिकणाऱ्याला दिवसाला ५०० रुपये भत्ता मिळतो. म्हणजे बाई शिवण शिकत असते तेव्हा तिच्या दिवसाची किंमत सरकारनंच ५०० रुपये ठरवली. ती शिकून, प्रमाणपत्र आणि मशीन घेऊन घरी आली की तिच्या दिवसाची किंमत दोनशे-अडीचशेवर येते. शिकल्यावर माणसाची किंमत घटते असा व्यवहार दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे?

म्हणून माझं म्हणणं आहे की मशीनवाटप पुरे. आमच्या भागात मशीन नसलेल्या बाईपेक्षा मशीनवर कापड टाकून बसलेली बाई जास्त सापडेल. तिला काम हवंय, कामाला भाव हवाय, आणि मशीनखेरीज जे जे लागतं ते सांभाळणारं कुणी हवंय. लिज्जतचं उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ आहे, १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, भाषणात हे येतंच. पण ती संस्था चालली कशी याकडे भाषणात लक्ष जात नाही. पीठ संस्थेनं मळून दिलं, कच्चा माल संस्थेनं घेतला, विक्री संस्थेनं केली आणि बहिणींनी घरी पापड लाटून वजनावर मजुरी घेतली. एकटीनं कापड आणायचं, धुवायचं, शिवायचं, फोटो काढायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचं, पार्सल बांधायचं आणि उधारी वसूल करायची, असा पसारा लिज्जतच्या बाईच्या डोक्यावर कधी नव्हता.

आंबोलीपुरतं बोलायचं तर पहिली गरज कोरड्या खोलीची आहे. गावात एक खोली, तिच्यात हवेतली ओल शोषणारं यंत्र, कपडे वाळवायचं मशीन आणि चांगला उजेड. दहा-बारा बायकांनी आळीपाळीनं वापरली तरी पावसाळ्याचे चार महिने हातातून जाणार नाहीत. एका वेळच्या मशीनवाटपात जेवढा खर्च होतो, तेवढ्यात एका गावाला अशी खोली होऊ शकेल असा माझा अंदाज आहे, आणि तो चुकला तर थोडे जास्त घाला. बचत गटांनी कापड एकत्र घ्यावं, म्हणजे एप्रिलची उधारी एकेकीच्या अंगावर येणार नाही.

विक्रीतली एक अडचण सीमेवरच्या माणसालाच कळेल. माझी उलाढाल जीएसटीच्या ४० लाखांच्या मर्यादेच्या पासंगालाही पुरत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा छोट्या विक्रेत्याला नोंदणी न करता ऑनलाइन बाजारपेठांवर माल विकायची मुभा मिळाली, पण फक्त आपल्या राज्याच्या आत. आंबोलीहून मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. बेळगाव सकाळी जाऊन दुपारी परतण्याइतकं जवळ, गोवाही तसाच. माझी कुंची घालणारी बाळं बेळगावात आणि म्हापशात जन्मतात, कारण आमची नाती तिकडे आहेत. तिथल्या माणसानं ऑनलाइन बाजारपेठेवरून माझी कुंची मागवली तर मला आधी नोंदणी करावी लागते, मग दर महिन्या-तिमाहीला विवरणपत्रं भरावी लागतात. हाताच्या कामासाठी आणि इतक्या लहान उलाढालीसाठी ही राज्याची अट काढून टाकावी. आमच्या खासदारांनी आणि गोव्याच्या, बेळगावच्या खासदारांनी मिळून हे मांडावं, तिघांच्याही मतदारसंघातल्या बायकांचं त्यात भलं आहे.

एक बाजू मला माझ्याकडूनही मांडायला हवी. गोधडीचा धावदोरा घालायला शेजारच्या दोघी-तिघी माझ्याकडून काम नेतात. तेव्हा मी काम देणारी असते. मी त्यांना तासावर पैसे देते आणि तो दर रोजगार हमीच्या दराखाली जात नाही. नगावर दिलं की घाई होते, टाका लांब पडतो आणि नुकसान दोघींचं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला, घरच्या कामगाराला इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी हा त्याचा गाभा. अहमदाबादच्या ‘सेवा’नं आणि इला भट्ट यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला. भारतानं तो करार अजून मान्य केलेला नाही. दिल्लीत तो होईल तेव्हा होवो, माझ्या पडवीत तो मला आजच पाळता येतो, आणि काम वाटणाऱ्या प्रत्येकीला पाळता येईल.

गिऱ्हाइकाची अडचण मला कळते. संगणकावर चालणारं भरतकामाचं मशीन मोर काही मिनिटांत काढतं आणि ते कपडे बाजारात दीडशे-दोनशेला मिळतात. ज्यांना ते परवडतं त्यांनी खुशाल घ्यावेत, बाळ त्यातही वाढतं. माझी हरकत एवढीच की हातच्या कामाला मशीनचा भाव मागू नका. आणि ज्या मैत्रिणी म्हणतात, "वेळ जात नाही म्हणून करते गं, मिळतील तेवढे मिळतील," त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या घरात दुसरा पगार येत असेल, तुम्हाला शंभरात कुंची देणं परवडत असेल. पण त्याच वाडीत एक बाई त्या कुंचीवर मुलीची फी भरते. तुमच्या शंभर रुपयांनी तिचा भाव पडतो. फुकट द्यायची असेल तर भाचीला द्या, बहिणीला द्या, बाजारात फुकटाच्या भावानं विकू नका.

माझ्याकडच्या पावतीवर आता कापड, दोरा आणि मजुरी हे आकडे वेगळे लिहिलेले असतात, मजुरीपुढे तासही. घासाघीस करणाऱ्याला मी एवढंच विचारते की यातला कोणता आकडा कमी करू. बहुतेक जण कापडावर बोट ठेवतात, साधं कापड घेतात आणि मजुरी पूर्ण देतात. येत्या गणपतीला गावी याल, कुणाकडून गोधडी, ब्लाऊज, बाळंतविडा शिवून घ्याल, तेव्हा त्या बाईकडे अशी पावती मागा. तिच्याकडे नसेल तर तिच्याजवळ बसून लिहायला लावा, आणि मजुरीच्या रकान्यात तासाला ३९ रुपयांहून कमी आलं तर ते खोडून वाढवा.