न भुंकलेला कुत्रा



घरात पोरगा रहस्यकथा घेऊन बसला की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. आज मी त्या पोराची बाजू घेणार आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार नि काळापहाड चोरून वाचणारे आज आजोबा झाले आहेत, हेही ध्यानात असू द्या.

या कथांचा जन्म तसा अलीकडचा. अमेरिकेतल्या एडगर ॲलन पो यांनी १८४१ साली पॅरिसमधल्या खुनाची गोष्ट लिहिली. तिचा नायक केवळ तर्काने गुन्हा उलगडतो. पण खरे नाव झाले ते १८८७ साली अवतरलेल्या शेरलॉक होम्सचे. त्याचे लेखक आर्थर कॉनन डॉईल हे शिकलेले डॉक्टर. एडिंबरोचे त्यांचे गुरू जोसेफ बेल रोग्याच्या नुसत्या दर्शनाने त्याचा धंदा ओळखत. एक रोगी टोपी न काढता उभा राहिला, त्यावरून हा नुकताच पलटणीतून सुटला आहे, असे त्यांनी ताडले. होम्सचे मूळ ते हेच.

होम्सची १८९२ सालची 'सिल्व्हर ब्लेझ' ही गोष्ट तर गोठ्यातलीच म्हणा ना! शर्यतीचा नामी घोडा रातोरात तबेल्यातून नाहीसा होतो. त्याला तयार करणारा माणूस माळावर मरून पडलेला सापडतो. राखणीच्या पोराला मटणाच्या रश्श्यातून अफू दिलेली असते. मसाल्यात तिची चव लपते. पोलीस एका परक्याला धरतात. होम्स मात्र कुत्र्याकडे बोट दाखवतो. तबेल्यात कुत्रा होता, तरी रात्री भुंकला नाही. म्हणजे घोडा नेणारा घरचाच! मग तो मेंढ्यांची चौकशी करतो. तीन मेंढ्या नुकत्याच लंगडू लागलेल्या. घोड्याला तयार करणाराच कर्जात बुडाला होता. पैजेसाठी घोड्याच्या पायाची शीर हळूच कापायची, तर आधी हात बसवला मेंढ्यांवर. घोडा बिथरला, लाथ कपाळात बसली. खुनी कोण, तर घोडा! (शेवट सांगून टाकला, रागावू नका.)

आता आपल्या रानात या. पीक पिवळे पडले की आपण दुकान गाठतो आणि दुकानदार देईल ती बाटली फवारतो. पैसे जातात, पीक पिवळेच राहते. आधी बघा, पिवळेपणा कुठून सुरू झाला? खालच्या जुन्या पानांपासून असेल तर बहुधा नत्र कमी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी नि शिरा हिरव्या, रान चुनखडीचे, तर संशय लोहाच्या कमतरतेवर. आणि कुठे पिवळे पडले नाही, तेही बघा. उंचवट्यावरचे पीक हिरवे नि खोलगटातले पिवळे असेल, तर पाणी साचून मुळे गुदमरली असतील. तिथे फवारा काय करणार? आधी चर काढा.

पुढच्या खेपेस मला पान दाखवायला आणाल, तेव्हा ते झाडाच्या शेंड्याचे की बुडाचे ते सांगा. आणि त्याच रानातले एक निरोगी पानही सोबत आणा.