आईला सूट का नाही?

बडनेरा जंक्शनवर काळी ट्रंक घेऊन उतरणारा फौजी वऱ्हाडाला नवा नाही. इथून तो अमरावतीकडे, पुढे दर्यापूर-अचलपूरच्या खेड्यांत जातो आणि रजा संपली की याच फलाटावरून परततो. एखादा मात्र परतत नाही. पोराचे मन लागत नसेल, चार दिवसांनी जाईल, असे घरचे म्हणतात. गैरहजेरी तीस दिवसांची झाली की लष्करात चौकशी बसते, तिचा निष्कर्ष नोंदला की जवान फरारी मानला जातो आणि त्याचा शोध पोलिसांकडे येतो.

आता प्रश्न घरच्यांचा.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 163 जवानाला पळून जाण्यास चिथावणाऱ्यासाठी आहे, तर 164 त्याला जाणूनबुजून आसरा देणाऱ्यासाठी. दोन्हींत शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आसऱ्याच्या कलमात अपवाद एकच, जोडीदाराचा. 1860 च्या दंड संहितेत ही सूट फक्त पत्नीला होती. सैन्यात आता मुलीही आहेत, तेव्हा ती पतीलाही मिळाली, हे ठीकच झाले. पण लग्न न झालेल्या विशीतल्या पोराला भाकर वाढणारी आई आणि ओसरीवर खाट टाकून देणारा बाप गुन्हेगारच राहिले. मसुदा नव्याने लिहिताना पळालेला जवान जहाजावर सापडला तर कप्तानाला होणारा दंड पाचशेवरून तीन हजारांवर नेण्याचे भान राहिले. समुद्र नसलेल्या वऱ्हाडाला त्याचे काय!

चिथावणीची गोष्ट वेगळी. 1921 मध्ये कराचीच्या खिलाफत परिषदेत ब्रिटिश फौजेतील नोकरी निषिद्ध ठरवणारा ठराव झाला आणि अली बंधूंना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. खटला उभा राहत असतानाच, 4 ऑक्टोबरला, मुंबईतून निघालेल्या पत्रकात गांधीजी व इतर पुढाऱ्यांनी सांगितले की, प्रत्येक हिंदी शिपायाने सरकारशी संबंध तोडणे हे त्याचे कर्तव्य आहे. सह्या करणाऱ्यांत न. चिं. केळकर होते, डॉ. मुंजे होते आणि आपल्या वणीचे बापूजी अणेही होते. त्या पत्रकावर सरकारने खटला भरला नाही. मोठ्या माणसांना हात लावताना इंग्रजही आगापिछा पाहत.

ऐन मोहिमेत पळणाऱ्याला सैन्य कायद्यात देहान्तापर्यंत शिक्षा आहे. एरवी सात वर्षांपर्यंत. ती जवानाने भोगावी, त्याला फितवणाऱ्या दलालानेही भोगावी. सीमेवर साथीदार उभे असताना पळून येणाऱ्याचे कौतुक कोणी करू नये. मात्र नुसती बिनरजेची गैरहजेरी आणि परत न जाण्याच्या इराद्याने केलेले पलायन हे दोन वेगळे गुन्हे आहेत, पहिल्यात कमाल शिक्षा तीन वर्षे, हे गावात कोण समजावून सांगतो? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने हे काम अंगावर घ्यावे, पोलीस दारात येण्याच्या आधी. आणि संसदेने कलम 164 च्या अपवादात जोडीदाराच्या शेजारी आईवडील हा शब्द घालावा. विदर्भाच्या खासदारांनी त्यासाठी दुरुस्ती विधेयक मांडायला हरकत नाही.