आधी विचारलं होतंस का?

खूप दिवसांनी लिहितोय, आणि लिहायला बसलो तोच चिडून. तेव्हा नात्यातल्या मंडळींनी सांभाळून घ्यावं. ज्याच्याबद्दल लिहितोय तो माझा मामेभाऊ आहे. तो हे वाचेल. वाचावं अशीच इच्छा आहे.

झालं असं. बाबा गेले तेव्हा तेरवीला त्यांचे विद्यार्थी खूप आले होते. आमगाव-सालेकसा भागातल्या शाळांत बाबांनी तीसेक वर्षं गणित शिकवलं. कुणी पुण्याहून आलं, कुणी रायपूरहून, एकजण तर बंगलोरहून थेट. तेव्हा ठरलं की सगळ्यांच्या आठवणी गोळा करून एक छोटी स्मरणिका करायची आणि ईमेलने पाठवायची. मांडवाच्या दाराशी टेबलावर एक रजिस्टर ठेवलं. पहिल्या पानावर मीच लिहिलं होतं, 'स्मरणिका हवी असल्यास नाव व ईमेल लिहावा.' ३१२ जणांनी लिहिला. ते सगळे पत्ते मामेभावाने दोन रात्री जागून एक्सेलमध्ये चढवले. हेही सांगायलाच हवं, कारण पुढचं रामायण त्याच फाइलीतून निघालं.

स्मरणिका गेली. लोकांची छान उत्तरं आली. वर्षभराने त्याच ३१२ पत्त्यांवर, त्याच आयडीवरून, दुसरी मेल गेली. मामेभाऊ आता प्लॉटच्या धंद्यात आहे. शहराबाहेर नवा लेआउट, सुलभ हप्ते, आजच बुक करा वगैरे. आणि विषयाच्या ओळीत काय? 'सरांच्या परिवाराकडून.'

मला हे कळलं बाबांच्या एका विद्यार्थिनीच्या उत्तरावरून. तिने लिहिलं होतं की सरांच्या घरची मेल म्हणून हातातलं काम ठेवून उघडली, कृपया माझं नाव काढून टाका. बस, एवढंच. रागाचा एक शब्द नाही. तो 'कृपया' मला अजून टोचतोय.

मी फोन केला तर साहेबांचं उत्तर तयार. "दादा, एवढं काय होते त्याच्यात? वाटलं तं वाचतीन, नाही तं डिलीट करतीन. आन् त्याईनंच तं पत्ता देल्ला ना!"

देल्ला. पण कशासाठी देल्ला? सगळं भांडण या एका प्रश्नाचं आहे. आपल्याकडे लग्नाचं आमंत्रण देताना 'घरटी एक' की 'चूलबंद' हे आधी स्पष्ट सांगतात. घरटी एक असेल तर घरातून एकच माणूस जेवायला जातो. बोलावलंय ना एकदा, मग म्हणून कुणी सगळी वरात घेऊन पंगतीत बसत नाही. (चुलबंद नदीचा या चूलबंदशी काही संबंध आहे का, असं मी लहानपणी बाबांना विचारलं होतं. ते काय म्हणाले ते मात्र आठवत नाही.) हा शिष्टाचार आपल्याला कुठल्या कायद्याने शिकवला नाही. मग ईमेलचा पत्ता हातात आला की तो एकदम कुठे जातो?

मामेभावाला वाटतं त्याने नवीन शोध लावला. नाही रे बाबू. मे १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क नावाच्या माणसाने हेच केलं. तेव्हा इंटरनेट नव्हतं, त्याचा पूर्वज आर्पानेट होता, आणि वापरणाऱ्यांचे पत्ते एका छापील डिरेक्टरीत असत. त्यातले सुमारे ४०० पत्ते काढून त्याने नव्या मशीनची जाहिरात पाठवली. लोक भडकले, वरून तंबी मिळाली. जगातली पहिली स्पॅम मेल म्हणून तीच ओळखली जाते. म्हणजे या प्रकाराचा जन्मच दुसऱ्या कामासाठी केलेल्या यादीतून झालाय. आमच्या रजिस्टरसारख्याच! थुर्क सांगतो की त्या मेलमुळे लाखो डॉलरची विक्री झाली. झालीही असेल. दुसऱ्याच्या विहिरीतून न विचारता मोटार लावली तर पीक येतंच की.

मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. २००५च्या सुमारास नागपूरला सीताबर्डीवरून मी 'लाखो ईमेल पत्ते' असलेली सीडी आणली होती. आपल्या बांधीतला चिन्नोर अख्ख्या महाराष्ट्राला विकायचं स्वप्न! निम्म्या मेल परत आल्या, चारदोन शिव्या आल्या आणि तांदूळ एक किलोही गेला नाही. सीडी पुढे आईने पपईच्या झाडाला टांगली, पाखरं हाकलायला. तेवढा उपयोग झाला.

त्यानंतर मी यादी केली ती एकेक नाव विचारून. कुणी तांदूळ नेला की एकच प्रश्न, पुढच्या वर्षी नवा चिन्नोर भरडून आला की कळवू का? हो म्हणाले तर पत्ता घ्यायचा. मग त्या पत्त्यावर एक छोटी मेल पाठवायची की तुम्ही असं म्हणालात, बरोबर असेल तर 'हो' लिहून पाठवा. 'हो' आला तरच नाव यादीत. हे दुसऱ्यांदा विचारणं मामेभावाला वेडेपणा वाटतो. पण घाईत स्पेलिंग चुकतं, कुणी दुसऱ्याचाच पत्ता देतं, कुणी नुसतं तोंडदेखलं हो म्हणतं, हे सगळं तिथेच गळून जातं. नावापुढे तारीख आणि कुठे भेटले ते लिहायचं. वर्षाला पत्र एक. खाली मराठीत स्पष्ट, नको असेल तर 'नको' एवढंच लिहा. ज्याने 'नको' लिहिलं त्याचं नाव त्याच दिवशी बाहेर, कारण न विचारता. दोन-तीन वर्षं काहीच हालचाल नसली तर पुन्हा एकदा विचारायचं आणि उत्तर नाही आलं तर नाव काढायचं. सोडून दिलेले जुने पत्ते काही ईमेल कंपन्या नंतर सापळा म्हणून वापरतात, तिथे मेल गेली की पाठवणारा काळ्या यादीत. हे मला उशिरा कळलं.

आता मामेभावाचा दुसरा मुद्दा, 'कायद्यात कुठं लिहिलंय?' तर फोनचं बघा. ट्रायने २००७ मध्ये नोंदवही काढली, की ज्याला जाहिरातीचे फोन नकोत त्याने नाव नोंदवावं. म्हणजे त्रास ज्याला, खटाटोपही त्यालाच! २०१८च्या नियमांत ग्राहकाची संमती नोंदवून ठेवायची व्यवस्था आली, पण ते नियम फोन आणि एसएमएसचे, ईमेलचे नाहीत. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. त्यात संमती विशिष्ट हेतूसाठीच, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता यायला हवी, असं लिहिलंय. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली. ही मुदत म्हणजे तोवर चरून घ्यायची मोकळीक, असं आमच्या साहेबांना वाटतं. अरे, पण तेरवीच्या रजिस्टरला हात लावायला तुला कायद्याची मुदत बघावी लागते?

बरं, नैतिकता राहू दे. नुसता धंदा म्हणून बघ. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून मेल पाठवणाऱ्यांना सांगितलंय की स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवा. दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना तर एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोयही द्यावी लागते. आता गणित कर, गणिताच्या मास्तराचा भाचा आहेस. ३१२ पैकी फक्त एकाने 'स्पॅम'चं बटण दाबलं तरी ०.३२ टक्के होतात. एकाने! आणि किती जणांनी दाबलं असेल ते मला जानेवारीत कळलं. माझं तांदळाचं पत्र त्याच आयडीवरून जातं. दरवर्षी आठवड्यात निम्मा माल बोलला जायचा. या वेळी फोनच नाहीत. शेवटी मीच ओळखीच्यांना फोन करून विचारलं, तर पत्र स्पॅममध्ये पडलेलं. प्लॉट एकही विकला गेला नाही, आणि माझी पोती मार्चपर्यंत घरात.

त्याचीही अडचण मला समजते. पेपरात जाहिरात द्यायला पैसे लागतात, ईमेल फुकट. लहान माणसाला हेच एक साधन. मोठमोठ्या दुकानांत बिल करताना नंबर घेतात आणि पुढे काय करतात ते कोण विचारतं, मग मलाच काऊन धरता, असं तो म्हणाला. खरं आहे. पण त्या दुकानाला बाबांनी गणित शिकवलं नव्हतं.

असो. मी ३१२ जणांना नव्या आयडीवरून माफीचं पत्र पाठवलं. हे आमच्याकडून शेवटचं पत्र, बाबांच्या नावाने अधूनमधून काही कळवलेलं हवं असेल तरच 'हो' लिहा, गप्प राहिलात तर नाव पुसलं जाईल, असं लिहिलं. ९७ जणांनी 'हो' लिहिलं. बाकीची नावं मी फाइलीतून काढली.

मामेभाऊ हळहळला. "दादा, दोनशे पंधरा लोकं घालवले तुम्ही!"

त्या विद्यार्थिनीचा 'हो' आलेला नाही. तिला मी पुन्हा लिहिणार नाही. रजिस्टर आता माझ्या कपाटात आहे, आणि फाइलीची जी एक प्रत मामेभावाच्या पेनड्राइव्हमध्ये आहे ती त्याने रविवारी घरी आणून द्यावी. जेवण इकडेच. चूलबंद.