दूरच्या वर्गात बोलायचे कोणी?

‘ऑनलाइन शिक्षण फसले, आता तो विषय संपला’ हे वाक्य महाराष्ट्रात शिक्षक बोलतात, पालक बोलतात, एरवी शिक्षणाबद्दल चकार शब्द न काढणारेही बोलतात. २०२० आणि २०२१ ही वर्षे ज्यांनी घरात शाळकरी मुलांसोबत काढली, त्यांना ते पटवून द्यावे लागत नाही. तीन भावंडांत एक फोन, तोही वडील कामावरून परतल्यावर हाती येणारा. रेंज मिळावी म्हणून टेकाडावर जाऊन बसलेली मुले. ‘हजर, सर’ एवढे टाइप करून कॅमेरा बंद करणारे नववीतले विद्यार्थी, आणि चाळीस काळ्या चौकोनांकडे पाहत बीजगणित शिकवणाऱ्या बाई. यातले काहीही खोटे नाही. तरीही त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तो असाच रुजू दिला तर त्याची किंमत खेड्यातल्या मुलांना मोजावी लागेल, म्हणून त्याचे खंडन करणे भाग आहे.

आधी विरोधकांचा सर्वांत भक्कम पुरावा घेऊ. मुलांना वाचता येते का हे तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतली जी मुले दुसरीचा पाठ वाचू शकत होती, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले. ही घसरण भयंकर आहे. पण ती व्हिडिओवरच्या वर्गाच्या नावावर लिहिता येत नाही. याच ‘असर’ने २०२० मध्ये फोनवरून पाहणी केली, तेव्हा पाहणीआधीच्या आठवड्यात थेट ऑनलाइन वर्ग मिळालेली मुले साधारण दहात एक एवढीच निघाली. बाकीच्यांपैकी काहींच्या वाट्याला व्हॉट्सअॅपवरचा गृहपाठ आला, कितीतरी जणांना तोही मिळाला नाही. ज्या मुलांनी असा वर्ग पाहिलाच नाही, त्यांचे वाचन त्या वर्गामुळे कसे बिघडेल? ते बिघडले शाळा बंद राहिल्यामुळे.

मग त्या दहातल्या एकाचे काय? त्याला वर्ग मिळाला आणि तरी तो कंटाळला, मागे पडला, हे खरेच आहे. पण त्याच्यापर्यंत पोहोचले काय होते? पस्तीस-चाळीस मिनिटांचे व्याख्यान. समोरासमोरच्या वर्गातही जे व्याख्यान मुलांना पेलत नाही, तेच आपण कॅमेऱ्यातून पाठवले. वर्गात निदान बाईंची नजर फिरते, बाकावरचा मित्र कोपर मारून जागे करतो. पडद्यावर तेही नव्हते. या दोन वर्षांत परीक्षा झाली ती व्याख्यानाची. दूरदृश्य प्रणालीची परीक्षा आपण अजून घेतलेलीच नाही.

या भेदाला शास्त्रीय आधार आहे. सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिन्कॉफ या अमेरिकी संशोधकांनी दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना काही नवी क्रियापदे शिकवली. काही मुलांना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर. आणि तिसऱ्या गटाला अशाच एका कॉलचे ध्वनिचित्रमुद्रण दाखवले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पहिल्या दोन्ही गटांतली मुले ती क्रियापदे शिकली, मुद्रण पाहणारी शिकली नाहीत. म्हणजे कॉल आणि मुद्रण दोन्ही पडद्यावरच होते, तरी एकातून मूल शिकले आणि दुसऱ्यातून नाही. कॉलवरची बाई मुलाच्या बोलण्याला, हसण्याला, गोंधळण्याला त्याच क्षणी उत्तर देत होती. मुद्रणातल्या बाईच्या बोलण्याचा समोरच्या मुलाशी काही संबंध नव्हता. पडदा शिकवू शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी या मुलांकडे पाहावे.

मोठ्यांचीही गोष्ट वेगळी नाही. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेम्स गिबन्स यांच्यापुढे प्रश्न होता ह्यूलेट-पॅकार्डच्या सांता रोझा इथल्या इंजिनिअरांचा. त्यांना पदव्युत्तर अभ्यास करायचा होता, पण विद्यापीठ रोज जाण्यायेण्यासारखे नव्हते. गिबन्स यांनी वर्गातल्या व्याख्यानांच्या चित्रफिती पाठवल्या, आणि एक अट घातली: फीत एकट्याने पाहायची नाही. चार-सहा जणांनी एकत्र बसायचे, कोणालाही शंका आली की फीत थांबवायची, बोलायचे, मग पुढे जायचे. सोबत एक मार्गदर्शक असे. तो प्राध्यापक नव्हे. चर्चा चालू ठेवणे एवढेच त्याचे काम. या गटांनी विद्यापीठाच्या वर्गात बसणाऱ्यांच्या तोडीची, बऱ्याचदा त्यांच्याहून सरस कामगिरी केली. १९७७ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झाले. पुढे १९९० च्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेने हाच प्रयोग कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांवर केला. या वेळी गटातला प्रत्येक जण आपापल्या संगणकापुढे होता आणि सगळे एकमेकांना पडद्यावर पाहत, बोलत होते. एका खोलीत बसलेला गट आणि तारेने जोडलेला गट सारखेच ठरले, आणि दोघेही नुसते व्याख्यान ऐकणाऱ्यांच्या पुढे गेले. झूम येण्याच्या कितीतरी आधी हे सिद्ध होते. २०२० मध्ये आपण त्याकडे वळूनही पाहिले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

सर्वांत मोठे उदाहरण मात्र शाळेबाहेरचे आहे. न्यू मेक्सिको हे अमेरिकेतले विस्तीर्ण, विरळ वस्तीचे राज्य. तिथे हेपटायटिस सी वर उपचार करणारे तज्ज्ञ मोजके, रुग्ण हजारो. अल्बुकर्कीतल्या विद्यापीठाचे डॉ. संजीव अरोरा यांच्या दवाखान्यात नंबर लागायला महिनोन्‌महिने लागत. २००३ मध्ये त्यांनी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. गावोगावचे डॉक्टर, परिचारिका आणि तुरुंगांतले वैद्यकीय कर्मचारी ठरलेल्या वेळी व्हिडिओवर एकत्र येत. प्रत्येकाने आपला रुग्ण नाव न सांगता मांडायचा. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. तज्ज्ञाने शेवटी सुचवायचे. तज्ज्ञाचे छोटे व्याख्यान असे, पण बैठकीचा गाभा रुग्णांची चर्चा हाच. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ४०७ रुग्णांचे निकाल आले. विद्यापीठाच्या दवाखान्यात बरे झाले ५७.५ टक्के, गावांत आणि तुरुंगांत ५८.२ टक्के. गावातला साधा डॉक्टर पडद्यावरच्या चर्चेतून शिकून तज्ज्ञाच्या बरोबरीला आला, याहून ठोस पुरावा कोणत्या शिक्षणपद्धतीच्या नावावर आहे? भारतातही बेंगळुरूच्या निमहान्स या संस्थेने हीच पद्धत व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणासाठी वापरली आहे.

इथवर ज्यांचे खंडन केले ते या माध्यमाचे विरोधक. पण माझा खरा वाद त्याच्या भक्तांशी आहे, कारण नुकसान त्यांनी जास्त केले. त्यांचे स्वप्न जुने आहे: राजधानीत एक उत्तम शिक्षक उभा करावा आणि त्याला हजार शाळांत दाखवावे. १९७५-७६ मध्ये अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या उपग्रहावरून ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचले. त्या काळी ते अचाट काम होते आणि त्या अभियंत्यांविषयी मला नितांत आदर आहे. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटाहून खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ सोडला गेला; त्यात वर्गाकडून उलट प्रश्न विचारण्याचीही सोय होती. पण एका स्टुडिओला शेकडो वर्ग जोडले की प्रत्येक वर्गाच्या वाट्याला प्रश्न येणार तरी किती? शिवाय उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परतायला आणखी पाव. माणसे बोलताना एकाचे वाक्य संपले की दुसरा साधारण २०० मिलिसेकंदांत तोंड उघडतो. दहा भाषांवर झालेल्या अभ्यासात हे दिसले आहे. ही लय तुटली की दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, आणि शेवटी ज्याच्याकडे अधिकार तो एकटाच बोलत राहतो. आजच्या ब्रॉडबँडवर हा विलंब बराच कमी झाला आहे. साठ जणांच्या बैठकीत मात्र लय अजूनही तुटते, कारण तिथे म्यूटचे बटण आडवे येते.

ही मर्यादा ओळखून शिकवता येते, हे आपल्याकडच्या संगीतशिक्षकांनी दाखवले आहे. स्काइपच्या काळापासून इथले गायक परदेशातल्या शिष्यांना तालीम देत आले. गुरू-शिष्य एकाच वेळी गाऊ शकत नाहीत. आवाज पोहोचेपर्यंत लय सरकते, सम हुकते. तानपुरा शिष्याच्या बाजूलाच लावावा लागतो, आणि तोही सॉफ्टवेअर गोंगाट समजून पुसून टाकते, म्हणून आवाज ‘स्वच्छ’ करणारे सेटिंग आधी बंद करावे लागते. यातून त्यांनी रीत काढली. गुरूने एक जागा गाऊन थांबायचे, शिष्याने ती एकट्याने गायची, गुरूने नेमके कुठे स्वर उतरला ते दाखवायचे. गुरूच्या सुराच्या आडोशाला राहून गाण्याची सोय उरत नाही. समोर बसून मिळणाऱ्या तालमीची जागा हे घेत नाही, आणि कोणी जाणता गुरू तसा दावाही करत नाही. पण शिष्य प्रत्येक मिनिटाला काहीतरी करत असतो. आपल्या ऑनलाइन वर्गांतला विद्यार्थी तासाभरात किती मिनिटे काही करत होता?

आता मंडन. २०२३ मध्ये राज्य शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत समायोजन करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा तेव्हा पंधरा हजारांच्या घरात होत्या. समायोजनाच्या बाजूने एक युक्तिवाद वजनदार आहे: आठ मुलांच्या शाळेत चौथीत एकच मुलगी असेल, तर तिने वाद कोणाशी घालायचा, गणिताची दुसरी रीत कोणाकडून पाहायची? हा प्रश्न खरा आहे. पण त्यासाठी सहा-सात वर्षांच्या मुलाला ओढे-नाले ओलांडून दूरच्या गावी पाठवण्याची गरज नाही. दूरदृश्य प्रणालीचे काम नेमके हेच आहे: एकट्या पडलेल्या मुलाला बरोबरीचा सोबती मिळवून देणे.

एक अट मात्र कडक हवी. दोन्ही टोकांना शिक्षक हवाच. सांता रोझाच्या गटातही मार्गदर्शक होता, एकोतही प्रत्येक रुग्णाजवळ त्याचा डॉक्टर होता. ‘पडदा आहे, आता शिक्षक कशाला’ असे जो म्हणेल, तो या सगळ्या पुराव्याच्या उलट बोलतो आहे, आणि त्याला शिक्षक संघटनांनी, पालकांनी, गावांनी ठाम विरोध केला पाहिजे.

शाळा जोडायच्या तर कशा? सिंधुदुर्गातल्या आंबोलीची एक शाळा आणि साताऱ्याच्या माण तालुक्यातली एक शाळा घ्या. दोन्हीकडे रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजायचे. जूनच्या अखेरीस दोन्ही वर्गांनी पडद्यावर भेटून आपले आकडे सांगायचे, समोरच्यांचे लिहून घ्यायचे, आणि एकच आलेख दोघांनी मिळून काढायचा. आंबोलीतल्या मुलांना पावसाचे दिवस मोजण्यात कधी अर्थ वाटला नसेल. माणच्या मुलांना कोरडे दिवस मोजण्याची सवय असेल. ‘तुमच्याकडे इतका पाऊस पडून उन्हाळ्यात पाणी कमी का पडते?’ हा प्रश्न माणमधूनच यायला हवा. दुसऱ्या बाजूशिवाय जे पुरे होत नाही, असेच काम द्यायचे. एका फोनभोवती चार मुले, कॅमेरा शिक्षकाकडे नव्हे तर मुलांकडे, अर्धा तास, आठवड्यातून दोनदा. चित्र अडखळले तर ते बंद करून आवाज चालू ठेवायचा. आवाजाला डेटा फार थोडा लागतो, आणि चर्चेचा बहुतेक भार आवाजच वाहतो. डोळ्यांची आणि थकव्याची जी काळजी पालकांना वाटते, तीही एवढ्या वेळात उरत नाही. हे हवेतले बोलणे नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा वैर असलेल्या देशांतल्या मुलांना याच साधनाने बोलते केले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला तेव्हा या कामाचाही उल्लेख झाला. आपण सत्कार केले, पण ती पद्धत शेजारच्या तालुक्यांतही नेली नाही.

सुरुवात मुलांपासून करण्याआधी शिक्षकांपासून करावी. व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, म्हटले की जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या डोळ्यांपुढे येतात वरून आलेल्या सूचना, माहिती भरण्याच्या मुदती आणि शेवटी ‘काही शंका?’ एवढा एक प्रश्न, ज्याला कोणी उत्तर देत नाही. असे शिकलेला शिक्षक मुलांचा वर्गही तसाच घेणार. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेचा एक तास एकोच्या रीतीने चालवून पाहता येईल. द्विशिक्षकी शाळेतल्या एका बाईंनी सांगावे: माझ्या तिसरीतला एक मुलगा हातच्याची वजाबाकी करताना प्रत्येक वेळी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो, खाली-वर पाहत नाही, ही त्याची वही. मग दहा शाळांतल्या शिक्षकांनी विचारावे की तो काड्यांचे गठ्ठे सोडवतो का, दशक मोडणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे का, तोंडी हिशेब कसा करतो. केंद्रप्रमुखांनी सर्वांत शेवटी बोलावे. पुढच्या महिन्यात त्याच बाईंनी त्याच मुलाची नवी वही कॅमेऱ्यापुढे धरावी.