एका महिन्याचा फॉर्म आणि ‘टिकेल का?’ हा प्रश्न

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या प्रत्येक हंगामात साधारण फेब्रुवारीच्या सुमारास एक प्रश्न हमखास डोकं वर काढतो. वीस-बावीस वर्षांचा एखादा फॉरवर्ड अचानक खेळू लागतो. कालपर्यंत दहा-बारा गुण करणारा मुलगा सामन्यामागून सामन्यात पंचवीस-तीस गुण करतो. चाहते खूश होतात आणि पाठोपाठ शंका येते : हे टिकेल का? आकडेवाले सांगतात, टिकणार नाही, सगळे शेवटी आपल्या सरासरीवर येतात. भक्त सांगतात, हा उद्याचा सितारा आहे. दोघंही बोलतात मात्र त्या मुलाबद्दलच, जणू टिकणं किंवा न टिकणं ही पूर्णपणे त्याच्या मनगटातली गोष्ट आहे.

माझं मत थोडं वेगळं आहे. फॉर्म टिकण्याचा निम्मा भाग खेळाडूच्या हातात असतो, उरलेला निम्मा त्याला खेळवणाऱ्यांच्या हातात असतो. हे नुसतं बोलण्यापेक्षा एका खऱ्या उदाहरणावर तपासून पाहू. उदाहरण असं निवडलं आहे, ज्यात ‘टिकेल का?’ या प्रश्नाचं उत्तर आधी ‘नाही’ असं आलं आणि चार वर्षांनी ‘हो’ असं आलं.

बास्केटबॉल न पाहणाऱ्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मैदानावर एका संघाचे पाच खेळाडू असतात. चेंडू खेळवत पुढे आणणारे गार्ड, बास्केटखाली उभा राहणारा उंच सेंटर, आणि या दोघांच्या मधली दोन माणसं म्हणजे फॉरवर्ड. फॉरवर्डला थोडं सगळंच करावं लागतं. लांबून शॉट मारायचा, आत घुसायचं, बास्केटला लागून परतलेला चेंडू पकडायचा, म्हणजे रिबाउंड घ्यायचा. त्यामुळे त्याला काय काम द्यायचं, हे कोचच्या मर्जीवर गार्ड किंवा सेंटरपेक्षा जास्त अवलंबून असतं.

लाउरी मार्कानेन हा फिनलंडचा, सात फूट उंचीचा फॉरवर्ड. त्याचे वडील पेक्का हेही फिनलंडकडून खेळलेले. २०१७च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर त्याची निवड झाली आणि जिमी बटलरच्या अदलाबदलीत तो शिकागो बुल्सकडे आला. पहिल्या हंगामात त्याने सामन्यामागे १५.२ गुण केले. दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर कोपर दुखावलं आणि पहिले २३ सामने गेले. डिसेंबर २०१८मध्ये तो परतला आणि फेब्रुवारी २०१९मध्ये त्याने धमाल केली. त्या महिन्यात त्याची सरासरी सुमारे २६ गुण आणि १२ रिबाउंड होती. बलाढ्य बोस्टनविरुद्ध त्याने ३५ गुण केले आणि शिकागो जिंकलं. त्यानंतर १ मार्चला अटलांटाविरुद्धचा सामना चार जादा डावांपर्यंत लांबला आणि शिकागोने तो १६८-१६१ असा घेतला. वय २१. शिकागोला वाटलं, आपला माणूस सापडला.

तो फॉर्म टिकला नाही. हृदयाचे ठोके वाढण्याच्या आणि थकव्याच्या तक्रारीमुळे त्या हंगामाचे शेवटचे सामने त्याला सोडावे लागले. पुढच्या हंगामात सरासरी १४.७वर आली, त्याच्या पुढच्या हंगामात १३.६वर. २०२१च्या वसंतात तर तो सुरुवातीच्या पाचातून बाहेर पडून बाकावरून खेळायला येऊ लागला. त्याच्याशी करार वाढवण्याची बोलणी आधीच फिसकटली होती. २०२१च्या उन्हाळ्यात शिकागोने त्याला क्लीव्हलंडकडे जाऊ दिलं आणि बदल्यात डेरिक जोन्स ज्युनियर आणि पहिल्या फेरीतली एक निवड पदरात पाडून घेतली. ‘एका महिन्याचा शहेनशाह’ म्हणून फाइल बंद झाली, असंच सगळ्यांना वाटलं.

आता ही घसरण का झाली ते पाहू. आकडेवाल्यांचं म्हणणं आधी ऐकू, कारण त्यात तथ्य आहे. एका महिन्यात दहा-बारा सामने होतात. तेवढ्यात एखादा फॉरवर्ड थ्री-पॉइंट रेषेबाहेरून समजा ६० शॉट मारतो. त्याची खरी कुवत ३६ टक्क्यांची असेल, तर २१-२२ शॉट आत जायला हवेत. त्या महिन्यात २६ गेले, की टक्केवारी ४३वर जाते आणि मुलगा जगातला उत्तम नेमबाज दिसू लागतो. फरक किती? चार चेंडू. रिंगवर नाचून आत पडलेले चार चेंडू. म्हणून केवळ एका महिन्याच्या लांब शॉटच्या टक्केवारीवर कोणाचंही भविष्य सांगू नये, हे बरोबरच आहे.

पण मार्कानेनचं जे झालं, ते एवढ्याने समजत नाही. त्याच्या थ्री-पॉइंटची टक्केवारी त्या चांगल्या हंगामात ३६.१ होती. पुढच्या हंगामात ती ३४.४ झाली, म्हणजे थोडीच उतरली. आणि ज्या हंगामात त्याची गुणांची सरासरी सर्वांत खाली, १३.६वर गेली, त्याच हंगामात त्याची थ्री-पॉइंटची टक्केवारी ४०.२ होती. शिकागोतल्या चारही हंगामांतली ती सर्वांत चांगली! म्हणजे हात शाबूत होता. मग गुण गेले कुठे?

शॉटची संख्या पाहिली की उत्तर मिळतं. २०१८-१९मध्ये तो सामन्यामागे सुमारे १५ शॉट घेत होता, त्यातले साडेसहाच्या आसपास रेषेबाहेरून. पुढच्या हंगामात बाहेरचे शॉट जवळपास तेवढेच राहिले. आतले शॉट मात्र जवळपास नवावरून साडेपाचावर आले. कोच जिम बॉयलेन यांच्या मांडणीत तो बराच वेळ रेषेबाहेर उभा दिसू लागला. चेंडू आला तर मारायचा, नाही आला तर उभं राहायचं. सात फुटांचा माणूस, ज्याची खरी कमाई पळत आत घुसण्यात आणि उंचीचा फायदा घेण्यात होती, तो कोपऱ्यातला पहारेकरी झाला. मैदानावरची मिनिटंही ३२वरून ३० आणि मग २६वर आली.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. त्या बहारदार फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात शिकागोने ऑटो पोर्टर या अनुभवी फॉरवर्डला आणलं होतं. पोर्टरही लांबून मारणारा. त्याला मोकळं सोडता येत नाही म्हटल्यावर प्रतिस्पर्ध्यांचा एक माणूस त्याच्याकडे अडकायचा आणि मार्कानेनला आत जागा मिळायची. पुढच्या हंगामात पोर्टर दुखापतीमुळे शिकागोकडून फक्त १४ सामने खेळला. खांब काढून घेतला आणि छप्पर खाली आलं, तर दोष छपराला द्यायचा का?

क्लीव्हलंडमध्येही गुण फारसे वाढले नाहीत, १४.८ झाले. पण तिथे दोन उंच खेळाडू आधीच असल्याने त्याला छोट्या, चपळ फॉरवर्डच्या जागी खेळवण्यात आलं आणि सात फुटांच्या माणसाला बाहेरून पळून येण्याची सवय लागली. मग सप्टेंबर २०२२मध्ये युरोपच्या राष्ट्रीय स्पर्धेत, युरोबास्केटमध्ये, फिनलंडकडून खेळताना त्याने क्रोएशियाविरुद्ध ४३ गुण केले. आपल्या देशाच्या संघात त्याला कोणी कोपऱ्यात उभं केलं नव्हतं, सगळा खेळ त्याच्याभोवतीच फिरत होता. त्याच सुमारास क्लीव्हलंडने डोनोव्हन मिचेलच्या मोबदल्यात त्याला युटाकडे धाडलं. युटाने आपले दोन्ही मोठे तारे विकले होते आणि संघ हरणार हे सगळे धरून चालले होते. नवे कोच विल हार्डी यांनी या मुलाला पहिल्या पसंतीचं स्थान दिलं. मिनिटं ३४वर गेली, शॉट १७वर गेले, त्यातले साडेनऊच्या आसपास रेषेच्या आतले. २०२२-२३मध्ये सरासरी आली २५.६ गुण. ऑल-स्टार सामना मिळाला, सर्वाधिक प्रगती करणाऱ्या खेळाडूचा पुरस्कारही मिळाला.

२६ आणि २५.६. फेब्रुवारी २०१९ने जो आकडा दाखवला होता, जवळपास तोच आकडा चार वर्षांनी पूर्ण हंगामभर टिकला. तो महिना खोटा नव्हता. तो मुलाची सरासरी सांगत नव्हता, त्याची झेप सांगत होता. या दोन गोष्टींची आपण सतत गल्लत करतो.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक मावळलेल्या फॉर्मचं खापर कोचवर फोडणं सोपं आहे. बरोबर आहे, म्हणून उलट उदाहरणही देतो. न्यूयॉर्क निक्सचा फॉरवर्ड ज्युलियस रँडल याने २०२०-२१मध्ये २४.१ गुण, १०.२ रिबाउंड आणि सहा असिस्ट अशी कामगिरी केली आणि प्रगतीचा तोच पुरस्कार मिळवला. मात्र त्या हंगामात त्याची थ्री-पॉइंटची टक्केवारी ४१.१ होती, आदल्या हंगामात ती २७.७ होती. प्लेऑफमध्ये अटलांटाने त्याला घेरलं, तेव्हा त्याचे तीसपैकी नऊच शॉट आत जात होते. पुढच्या हंगामात टक्केवारी ३०.८वर आली आणि गुण २०वर. इथे भूमिका तीच होती, मिनिटंही भरपूर होती, तरी फॉर्म उतरला, कारण त्याचा मोठा भाग लांबच्या शॉटवर उभा होता आणि तो पाया कच्चा होता. म्हणजे दोन्ही प्रकारची घसरण असते. कोणती कोणती, हे ओळखण्याचे कष्ट घ्यायला हवेत.

ते ओळखायचं कसं? मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, गुण कुठून येतात? बास्केटजवळून आणि फ्री थ्रोवरून येत असतील, तर ते टिकण्याची शक्यता जास्त, कारण तिथे ताकद, उंची आणि धाडस लागतं आणि या गोष्टी एका महिन्यात येत-जात नाहीत. अचानक वाढलेल्या लांब शॉटवर भरवसा कमी ठेवावा. दुसरी, काम बदललं आहे का? कोणाच्या दुखापतीमुळे उसनी जागा मिळाली असेल, तर जागेचा मालक परतल्यावर काय होणार? तिसरी, शरीर एवढा भार पेलतंय का? मार्कानेनच्या बाबतीत पहिलं उत्तर चांगलं होतं, दुसरं आणि तिसरं कच्चं होतं. त्याच्या हाती होतं ते टिकलं. इतरांच्या हाती होतं ते निसटलं.

आणि टिकलं म्हणजे कायमचं टिकलं असंही नाही. २०२४-२५मध्ये त्याची सरासरी १९वर आली, तो फक्त ४७ सामने खेळला. युटा त्या हंगामात ८२पैकी १७ सामने जिंकलं. हरणाऱ्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये वरची निवड मिळण्याची शक्यता वाढते. मार्कानेन उपलब्ध असूनही त्याला खेळवलं नाही म्हणून एनबीएने युटाला एक लाख डॉलर दंड केला. ज्या संघाला हरण्यात फायदा दिसतो, त्या संघातल्या माणसाच्या सरासरीवरून त्याची लायकी ठरवायची? त्याच २०२५च्या सप्टेंबरात फिनलंडचा संघ त्याच्या जोरावर युरोबास्केटच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि चौथा आला.

हे सगळं इतक्या तपशिलात लिहिण्याचं कारण केवळ बास्केटबॉल नाही. ‘पोरगं हुशार आहे, पण टिकेल का?’ हे वाक्य आपल्या मोहल्ल्यांत मी नेहमी ऐकतो. दहावीला चांगले गुण मिळवलेली मुलगी बारावीला मागे पडते आणि आपण म्हणतो, नशिबाने मिळाले होते. मधल्या काळात तिची अभ्यासाची खोली पाहुण्यांना गेली, क्लास बंद झाला, धाकट्यांची जबाबदारी तिच्यावर आली, याचा हिशेब कोणी मांडत नाही. मुलाला संध्याकाळी दुकानावर बसवायचं आणि वर्षअखेरीस त्याच्यात ‘सातत्य नाही’ म्हणायचं. ज्यांच्याकडे दुसरी संधी देणारी माणसं असतात, त्यांची घसरण ‘वाईट काळ’ ठरते. ज्यांच्याकडे नसतात, त्यांची घसरण ‘हीच त्याची औकात’ ठरते. मार्कानेनला क्लीव्हलंड मिळालं, देशाचा संघ मिळाला, युटा मिळालं. असे तीन दरवाजे उघडे असणारे थोडे असतात.

म्हणून पुढच्या फेब्रुवारीत कोणी तरुण फॉरवर्ड बहरला आणि कोणी मला विचारलं की हे टिकेल का, तर माझं उत्तर असं असेल : जसंच्या तसं बहुधा टिकणार नाही. थोडं खाली येणारच, चार चेंडू रिंगवरून बाहेर पडणारच. पण किती खाली येईल, हे पाहायचं असेल तर पुढच्या हंगामात त्याच्यापेक्षा त्याच्या कोचकडे पाहा. आतले शॉट तेवढेच मिळतायत का, मिनिटं तेवढीच आहेत का, शेजारी जागा करून देणारा कोणी ठेवला आहे का? हे तिन्ही असूनही तो पडला, तर खुशाल म्हणा की टिकला नाही.