ब्रेकरला हुकूम कोणी दिला?

२३ डिसेंबर २०१५ची दुपार. पश्चिम युक्रेनमधल्या एका वीज वितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात संगणकाच्या पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. माउसवर कोणाचाच हात नव्हता. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत एकामागून एक सबस्टेशनचे ब्रेकर उघडत गेले आणि वीज तुटत गेली. हा सायबर हल्ला तीन कंपन्यांवर झाला होता. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज ऐन हिवाळ्यात काही तास गेली.

ब्रेकरमध्ये कसलाही बिघाड नव्हता. 'उघड' असा हुकूम आला आणि तो पाळला गेला, एवढंच घडलं. काळजी वाटायला हवी ती याचीच.

सबस्टेशनमधल्या संरक्षक रिलेकडे दोन कामं असतात. लाइनवर दोष आला की तो स्वतःच ब्रेकर ट्रिप करतो, हे मुख्य काम. शिवाय दूरच्या नियंत्रण कक्षातून आलेल्या आदेशावरूनही तो आपला आउटपुट कॉन्टॅक्ट क्षणभर जोडतो, ट्रिप कॉइलला बॅटरीचा पुरवठा मिळतो आणि ब्रेकर उघडतो. हे आदेश ठरलेल्या प्रोटोकॉलमधून येतात: कुठे डीएनपी-३, कुठे आयईसी १०४, तर नव्या सबस्टेशनमध्ये आयईसी ६१८५०.

चुकीचा ब्रेकर उघडू नये म्हणून डीएनपी-३मध्ये दोन टप्प्यांची पद्धत आहे. आधी 'सिलेक्ट': अमुक आउटपुट, अमुक क्रिया. रिले तोच मजकूर परत पाठवून तयारी कळवतो. मग 'ऑपरेट'. तो ठरावीक सेकंदांत आला नाही किंवा आधीच्या मजकुराशी तंतोतंत जुळला नाही, तर रिले नकार देतो. पॅनलवरचा स्विच 'लोकल'वर असेल तरीही नकारच मिळतो. लाइनमन परमिट घेऊन लाइनवर काम करत असताना चुकून ब्रेकर जोडण्याचा आदेश आला, तर या नकाराचं मोल काय, हे त्याच्या घरच्यांना विचारावं. याच प्रोटोकॉलमध्ये 'डायरेक्ट ऑपरेट' नावाचा एका टप्प्याचा मार्गही आहे. ब्रेकरसाठी तो बंदच ठेवायला हवा.

पण दोन टप्प्यांनी अडते ती चूक, दुष्ट हेतू नव्हे. हल्लेखोरालाही 'सिलेक्ट' आणि 'ऑपरेट' पाठवता येतं. आदेश नेमका कोणाचा, हे मूळ डीएनपी-३ विचारतच नाही. शंभर रुपये पाठवताना यूपीआय सहसा पिन मागतं आणि अख्ख्या तालुक्याची वीज तोडणारा आदेश ओळख न विचारता पाळला जातो, हे सहन करण्यासारखं नाही.

रिलेकडून येणाऱ्या उत्तराबद्दलही सावध राहायला हवं. 'यशस्वी' याचा अर्थ आदेश स्वीकारला, इतकाच. कॉइल जळालेली असेल, एसएफ-६ वायूचा दाब उतरला असेल, तर ब्रेकर जागचा हलत नाही. तो खरंच उघडला का, हे त्याच्या सहाय्यक कॉन्टॅक्टवरून रिलेकडे परत आलेल्या स्थितीवरूनच ठरवलं पाहिजे.

डिसेंबर २०१६मध्ये कीव्हजवळच्या ३३० केव्ही सबस्टेशनवर आणखी पुढचा हल्ला झाला. 'इंडस्ट्रॉयर' नावाची घातक प्रणाली वीजक्षेत्राचे प्रोटोकॉल स्वतःच बोलत होती. तिला कोणाचा माउस हलवावा लागला नाही. सिप्रोटेक मालिकेतले रिले निकामी करू पाहणारा एक भागही तिच्यात होता.

मुंबईने १२ ऑक्टोबर २०२०चा अंधार पाहिला आहे. त्यामागे सायबर हल्ला असावा अशी शंका राज्य सरकारने बोलून दाखवली, केंद्राने ती नाकारली. कारण काहीही असो, लोकल थांबल्या आणि रुग्णालयं जनरेटरवर गेली.

उपाय हाताशी आहेत. आदेश पाठवणाऱ्याची ओळख पटवून घेणारी सुरक्षित प्रमाणीकरणाची सोय डीएनपी-३च्या आयईईई १८१५ या मानकात आहे. आयईसीच्या प्रोटोकॉलसाठी आयईसी ६२३५१ आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२१मध्ये सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. मात्र मानक छापलं म्हणून रिलेमधली सोय चालू होत नाही. ती विकत घ्यावी लागते, सुरू करावी लागते आणि तिच्या सांकेतिक किल्ल्या सांभाळण्यासाठी माणसं नेमावी लागतात.

म्हणून महापारेषण आणि महावितरणने रिलेच्या प्रत्येक नव्या निविदेत सुरक्षित प्रमाणीकरणाची अट घालावी. सबस्टेशन ताब्यात घेण्याआधीच्या चाचणीत एक बनावट आदेश मुद्दाम पाठवावा आणि रिलेने तो नाकारल्याची नोंद हाती आल्याशिवाय ठेकेदाराचं बिल मंजूर करू नये.